मोठ्यांची भाजी

रामटेकजवळच्या स्काऊट-गाईडच्या शिबिरात दुपारच्या जेवणाला मी वरणाच्या गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी, पळी घेऊन उभी होते. डिसेंबरचं ऊन, आंब्यांखाली मांडलेल्या चुली, दंवाने भिजलेल्या काड्यांचा डोळ्यांत जाणारा धूर. सकाळपासून खिंडसीच्या बाजूला पायपीट करून आलेली पोरंपोरी स्टीलची ताटं घेऊन उभी होती. शिबिरातली रांग कशी असते ते ठाऊकच आहे. ताटांवर चमच्यांचा ठेका, कोणाचा तरी बूट कोणाच्या तरी पायावर, आणि 'मॅम, वरचं पाणी नको, खालचं दाट द्या'. वरण, भात, आलू-वांग्याची पातळ भाजी, पोळ्या. तेवढ्यात मागच्या चुलीवरून पनीरचा वास आला. तुपात परतलेलं पनीर, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. ड्युटीवरच्या पेट्रोलमधली, म्हणजे टोळीतली, दोन पोरं फडक्यांनी कान धरून ती लहानशी कढई रांगेच्या कडेकडेने घेऊन गेली आणि ऑफिसच्या तंबूत शिरली. आत टेबलावर पेपर अंथरला होता, भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि आमची स्वयंसेवक मंडळी बाह्या सरसावून बसली होती. कढई पुढे सरकली तशा रांगेतल्या माना तिच्याबरोबर वळल्या. सातवीतला एक पोरगा मागच्याला म्हणाला, "मोठ्यांचं वेगळंच राहते बे." म्हणाला आणि ताट पुढे केलं.

त्याच्या आवाजात तक्रार असती तर मी कदाचित त्याच रात्री विसरले असते. तक्रार नव्हतीच. नुसती माहिती होती.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "एवढंच?" खरंच एवढंच होतं. अर्धा-पाऊण किलो पनीर. कोणाला मारलं नाही, कोणाचे पैसे खाल्ले नाहीत, कोणतं पोर उपाशी झोपलं नाही. मोठ्या माणसांनी आपल्याला आवडेल ते खाल्लं म्हणून तोंड वाकडं करणारी बाई म्हणजे कटकटी बाई, हे मलाही कळतं. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांचा पाट वेगळा असतो, ऑफिसात साहेबाचा चहा वेगळ्या कपात येतो, आपण सगळे त्याच्यात वाढलो. पण शिबिराला मुलं पाठवताना आईबापांनी काय विकत घेतलेलं असतं? गाठी मारणं, तंबू ठोकणं तर यूट्यूबवर सापडतं. त्यांना वाटत असतं की इथे चार दिवस एक वेगळं जग असेल, जिथे सगळ्यांचं सगळं सारखं असेल. त्या जगात ती कढई फिरली आणि पोराने ते जग घरच्याच जगासारखं आहे अशी नोंद करून घेतली, हे मला टोचत होतं. शनिवारी बाजारात सांबाराची जुडी निवडतानाही टोचत होतं.

ती कढई ज्यांच्यासाठी होती त्या सरांविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. सरकारी नोकरीतून निवृत्त, गुडघे गेलेले, जुन्या स्कूटरच्या डिकीत कायम सुतळी, दोर आणि शिट्टी. आमच्या भागातल्या पोरांच्या दोन पिढ्यांना रीफ नॉटची गाठ त्यांनी शिकवली. आता बाप झालेले लोक त्यांना पाहून आपोआप सावधान होतात. पथकाचे निम्मे तंबू त्यांच्या पैशांतले आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यांतून वाहिली, त्या दिवशी नागपुरात कोण कुठे होतं हे प्रत्येकाला आठवतं. सर दहाच्या आत अंबाझरी लेआऊटच्या बाजूला पोचले होते, रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाच्या स्काऊट पोरांना घेऊन. पँट मांडीपर्यंत चिखलाने माखलेली. एका म्हाताऱ्या बाईचा फ्रीज, गाद्या, देव्हारा असं सगळं पोरांकडून बाहेर काढून घेतलं, आणि तिने चहाचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या घरी गॅस पेटून राहिला का आई? आधी तो पेटू द्या." त्या संध्याकाळी त्यांच्याविषयी माझ्या मनात जे होतं ते आजही आहे. अडचण तिथेच आहे. वाईट माणसाने पनीर खाल्लं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

मी स्वतः अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील गार्ड. कॉलनीतल्या मोठ्या पोरांमध्ये स्काऊटिंगचं वेड होतं आणि त्या वेडाला एक अतिशय व्यवहारी कारण होतं: रेल्वेत स्काऊट-गाईडचा कोटा असतो. राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज (पथकप्रमुखांच्या प्रशिक्षणाचा बिल्ला) असेल तर भरतीला दार किलकिलं होतं, आणि या शहरात तर रेल्वेचे दोन-दोन विभाग. त्यामुळे पोरं सर्टिफिकिटांची फाइल जन्मपत्रिकेपेक्षा जपून ठेवत. आमच्या शेजारचे काका ओट्यावर बसून चिडवायचे, 'हे सेवा करून राहिले की नोकरी शोधून राहिले?' मलाही तेव्हा ते ढोंग वाटायचं. मग एका वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वडिलांबरोबर दीक्षाभूमीला गेले. बाहेरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक रात्रभर रेल्वेतून, ट्रकमधून उतरलेले, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. तिथे कॉलनीतली ती कोट्यावाली पोरं टाकीपाशी उभी राहून ग्लास भरत होती. घाम, धूळ, घसे बसलेले, हात पाण्याने पांढरे पडलेले. एका आजीला ओंजळीतच पाणी हवं होतं, तर एकाने गुडघ्यावर बसून धार धरली. फाइलमध्ये त्या धारेची नोंद कुठे होणार होती? तेव्हापासून माणूस कशासाठी येतो याची चौकशी मी सोडून दिली आहे. आल्यावर कसा वागतो तेवढं पाहते. कोट्यासाठी येणारा प्रामाणिक असू शकतो आणि काहीही न मागणारा अवघड असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यातलं दुसरं तर आत्ता आत्ता.

शाळेत आमच्या गाईडच्या बाई शेवटी जेवायच्या. महालातली शाळा, जुना वाडा, मागे विहीर. वर्षातून एकदा आम्ही मैदानात चुली मांडायचो. बाई पदर खोचून सगळ्यांचं होईपर्यंत वाढत राहायच्या आणि मग गंजाच्या बुडाची खरवड भाकरीने पुसून खायच्या. ते चित्र इतकं सुबक आहे की मला त्याचा संशय येतो, कारण त्याच बाई पूर्ण गणवेश नसलेल्या मुलींना मागच्या रांगेत उभं करायच्या. निळा फ्रॉक शिवायला कापड लागतं, शिवणावळ लागते. माझ्या बाकावरची मुलगी वर्षभर मागच्या रांगेत होती, आणि तिची गाठ सगळ्यांत पक्की बसायची. कस्तुरचंद पार्कच्या २६ जानेवारीच्या संचलनाला तिला नेलं नाही. बाईंनी भाकरी सगळ्यांसारखी खाल्ली आणि रांगा मात्र दोन केल्या. त्यांना कोणी काही म्हणालं नाही, कारण त्या शाळा सुटल्यावर, पगाराबाहेरचं काम म्हणून, घरची म्हातारी सासू सोडून थांबत होत्या. कोणत्या तोंडाने म्हणणार?

शिबिरानंतर मोठ्यांची बैठक झाली तेव्हा मी विषय काढला. शक्य तितक्या हलक्या आवाजात. समोर पोहे होते, वर तर्री. तर्री खाताना माणूस जरा सैल असतो असा माझा अंदाज. एक गृहस्थ, सरांचे जुने सहकारी, चमचा थांबवून म्हणाले, "मॅडम, फुकट करून राहिले ते. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" पुढे बोलणं झालंच नाही. कोणी पुढच्या रॅलीचा विषय काढला, कोणी बसच्या भाड्याचा.

गाडीवरून घरी येताना लॉ कॉलेज चौकातल्या सिग्नलला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि वाटलं, हा हिशेब कोणी कधी मांडलाच नाही. पगार घेणाऱ्याला बोलता येतं. त्याला मेमो देता येतो, रजा नाकारता येते, फारच झालं तर काढता येतं. जो काहीच घेत नाही त्याला काय नाकारणार? मग त्याला आपण दुसऱ्या नाण्यांत देत राहतो. पहिली खुर्ची, गुलाबाचं फूल, कार्यक्रमात दोन शब्द. हळूहळू त्याने पोरांना 'ए ढोल्या' म्हणायची मुभा. ताट पोरांकडून धुऊन घ्यायची मुभा. रॅलीला कोणाला न्यायचं हे एकट्याने ठरवायची मुभा. आणि शेवटी, त्याला कोणी काही बोलायचं नाही, ही सगळ्यांत मोठी बिदागी. त्याने मागितलेली नसते. आपणच देतो, आणि आपल्या खिशातून काही जात नाही म्हणून फार उदारपणे देतो. पोरांच्या खिशातून जातं.

गंमत म्हणजे या चळवळीची सुरुवातच एका गंजातून झाली. ऑगस्ट १९०७, इंग्लंडमधलं ब्राऊनसी बेट, स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल आणि वीसेक मुलं. ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली काही आणि कामगारांच्या वस्तीतली काही, आणि त्यांना वेगळं न ठेवता चार पेट्रोल पाडून मिसळून टाकलेलं. त्या काळच्या इंग्लंडात हे धाडसच होतं. दोन वर्षांनी तेच स्काऊटिंग हिंदुस्थानात आलं ते मात्र गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी; आपल्या मुलांना मज्जाव. समुद्र ओलांडताना गंज फुटला म्हणायचा. मग १९१६ मध्ये अॅनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली, आणि हे सगळे प्रवाह एका नावाखाली यायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडावा लागला. मुलींची गाईड संघटना त्यात आली ती पुढच्या वर्षी, १५ ऑगस्टला. आम्ही नेहमीच्याच उशिरा. तशा इंग्लंडातही १९०९ च्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली बोलावणं नसताना गणवेश घालून आल्या होत्या, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी त्यांची सोय झाली. बैठकीत न विचारता विषय काढायची खोड आमच्यात तिथूनच आली असणार.

मुलांच्या वागण्याचा बंदोबस्त मात्र या पद्धतीत फार विचाराने केलेला आहे. नऊ नियम तर सगळ्यांना पाठ असतात: विश्वासू, निष्ठावान, सर्वांचा मित्र, विनम्र, प्राण्यांवर प्रेम, शिस्त, धाडस, काटकसर, आणि मन-वाणी-कृती शुद्ध. पण माझ्या मते खरी करामत कोर्ट ऑफ ऑनरची. पेट्रोल लीडर मुली एकत्र बसतात, सेक्रेटरी वहीत लिहिते, गाईड कॅप्टन, म्हणजे मी, कोपऱ्यात बसून सल्ल्यापुरती. बाहेरून ऐकायला हे फार गोड वाटतं. प्रत्यक्षात पोरी न्यायाला बसल्या की दयामाया ठेवत नाहीत. त्याच शिबिरात दोघी रात्रीचा पहारा सोडून पाण्याच्या टाकीमागे मोबाइल पाहत बसलेल्या सापडल्या होत्या. सभेत पहिली सूचना आली ती 'घरी पाठवा'. दुसरी, 'स्कार्फ काढून घ्या, सगळ्यांसमोर'. एकीने तर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचं सुचवलं. मी कोपऱ्यातून एवढंच विचारलं की त्या दोघी कुठे आहेत, त्यांचं ऐकलं का. मग त्यांना बोलावलं. कळलं की एकीची आई दवाखान्यात होती आणि ती निरोपाची वाट पाहत होती. दुसरी तिला सोबत म्हणून गेलेली. फोन आणायला परवानगी नव्हती म्हणून सांगितलं नाही. बराच वेळ भांडण चाललं. आईचं कारण खरं असलं तरी पहारा सोडताना बदली मागायला हवी होती की नको, यावर पोरी इतक्या बारकाईने बोलल्या की मी थक्क झाले. ठरलं ते असं: दोघींनी पुढच्या रात्री पहाटेचा पहारा करायचा, आणि यापुढे घरी कोणी आजारी असेल तर फोन कॅप्टनकडे ठेवायची मुभा. नियम मोडणारीला शिक्षा आणि नियमालाही दुरुस्ती.

सभा संपल्यावर वहीवर सही करायला मी पान उलटलं. आमची सेक्रेटरी नववीतली, अक्षर टपोरं, प्रत्येक विषयाखाली पट्टीने रेघ. शेवटी 'ऐनवेळचे विषय' असा मथळा आणि खाली एकच ओळ: 'मोठ्यांची भाजी वेगळी का होती? वेळेअभावी पुढच्या सभेत.'

सही केली. न करून काय सांगणार होते?

पनीरवरून मी आता जिथे जाणार आहे ती उडी मोठी आहे याची मला कल्पना आहे. पण अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेला फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तो मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. पुढे ८२ हजारांहून जास्त माणसांनी दावे दाखल केले, बरेचसे आता म्हातारे झालेले, आणि भरपाईसाठी जवळपास अडीच अब्ज डॉलरचा निधी ठरला. त्यातले असंख्य दावे त्यांच्या काळच्या पथकप्रमुखांवर आहेत. गावातले मानाचे, वेळ देणारे, मुलांना जंगल दाखवणारे लोक. संशयितांच्या फायली संघटनेकडे वर्षानुवर्षं जमत होत्या आणि कपाटात राहत होत्या. आमच्या सरांची आणि त्या माणसांची तुलना मनात आणणंसुद्धा पाप, आणि मी ती करतही नाही. मला त्या गावांतल्या बाकीच्यांचा प्रश्न पडतो. तेही बैठकीत बसत असतील, समोर काहीतरी खायला असेल, आणि कोणीतरी म्हणाला असेल की किती करतो तो आपल्या पोरांसाठी. गप्प बसायची सवय भाजीपासून लागते. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असं काही कळूनही न कळवणं हाच गुन्हा ठरवला आहे, ते ठीकच. पण जी मंडळी वेगळ्या कढईबद्दल बोलू शकत नाहीत ती पोलिसांत जाऊन बोलतील, यावर माझा फारसा भरवसा नाही. एका मोठ्याने एका पोराबरोबर एकट्याने तंबूत असू नये, कायम दोन मोठे हवेत, हा नियम जगभर आहे. आमच्याकडे तो सांगितला की चांगली माणसं दुखावतात. 'माझ्यावर संशय?' ज्यांच्यावर नाही त्यांनीच तो आधी पाळला तर बाकीच्यांना पळवाट उरत नाही, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला आहे.

पुढच्या बैठकीला मी वही घेऊन गेले आणि सेक्रेटरीलाही. तिने उभं राहून ती ओळ वाचली, वर्गात धडा वाचतात त्या आवाजात. क्षणभर शांतता. मग सरच म्हणाले, "अरे बाप्पा, मला तर पनीर आवडतही नाही!" सगळे हसले. मनापासून हसले, मीही हसले, कारण ते म्हणाले तेच मजेशीर होतं. हसणं ओसरलं तेव्हा विषय टेबलावर नव्हता. एखादा प्रश्न कसा मिटवावा याचं इतकं सभ्य प्रात्यक्षिक मी ऑफिसातही पाहिलेलं नाही. सेक्रेटरी मात्र हसली नाही. पेन उघडून बसली होती. म्हणाली, "सर, मग उत्तर काय लिहू?"

सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आले नाहीत. गुडघा दुखतो असा निरोप. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आणि तेव्हा आम्हाला कळलं की खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहे. तंबू आत, दोर आत, झेंडा आत, प्रथमोपचाराची पेटी आत. पस्तीसेक पोरं मैदानावर, सकाळचे आठ वाजलेले, आणि आम्ही बंद दारासमोर. एका पालकाने कुलूप तोडायचं सुचवलं, दुसऱ्याने माझ्याकडे बघत सुस्कारा सोडला. बोलल्या नसत्या तर! त्यांचंही चूक नव्हतं. सरांसारखा दर रविवारी येणारा दुसरा माणूस आणा म्हटलं तर कोण येणार आहे? मी लोकांना विचारून पाहिलंय. सगळ्यांना मुलांसाठी शिबिर हवं असतं. शनिवारी रात्री पोळ्यांची कणीक मोजायला कोणाला वेळ नसतो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या रागात सरांचा वाटा किती, पालकांचा किती, त्या टपोऱ्या अक्षराचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या रविवारी मुलींनी ओढण्यांच्या गाठी मारून सराव केला. चांगला केला.

मग आम्ही मोठ्यांसाठी एक पान लिहायला घेतलं. प्रतिज्ञा मोठ्यांनीही घेतलेली असते, स्कार्फ त्यांच्याही गळ्यात असतो, पण तीन बोटं वर करून म्हटलेलं विसरायला होतं म्हणून कागद. एका गंजातून सगळ्यांचं जेवण. आपलं ताट आपण धुवायचं. मुलांना नावानेच हाक. दोन मोठ्यांचा नियम सगळ्यांना, जुन्यांना आधी. रॅलीची निवड कोर्ट ऑफ ऑनरला विचारून. एक जबाबदारी सलग तीन वर्षांहून जास्त एकाकडे नको. किल्ल्या दोघांकडे. आणि मी आग्रहाने घातलेलं कलम: मोठ्यांनी शेवटी जेवावं. मसुदा सरांच्या घरी कोणी न्यायचा यावर बरीच टाळाटाळ झाली. शेवटी मी आणि सेक्रेटरी गेलो. त्यांच्या मिसेसनी संत्र्याची बर्फी पुढे ठेवली आणि सरांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला, पेन्सिलने, परीक्षेचा पेपर तपासावा तसा. ताटाच्या कलमापाशी जरा थांबले. नावाने हाक मारायच्या कलमापाशी पुटपुटले की पोरं लाडाने घेतात ते. सेक्रेटरी म्हणाली, "नाही घेत, सर." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे सरकले.

जेवणाच्या कलमावर मात्र पेन्सिल खाडकन आपटली. "मॅडम, माझं इन्सुलिन दुपारी बाराला राहते. तुमची रांग संपते अडीचला. मला तिथेच पडायचं का?" आतून मिसेस म्हणाल्या, "म्हणूनच तर आचारी वेगळं करून देते हो त्यांना, लवकर." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं, साखरेचा आजार आहे म्हटलं तर शिबिराला नेणार नाहीत अशी त्यांना भीती. मी गप्प. बाकीच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना इन्सुलिन नव्हतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सेक्रेटरीने वही काढली आणि कलम तिथेच दुरुस्त केलं: ज्यांना औषध आहे त्यांनी, लहान असो की मोठे, वेळेवर जेवावं, भाजी तीच. सरांनी ते दोनदा वाचलं आणि 'तीच'खाली रेघ मारली.

रविवारपासून ते पुन्हा येतायत. आता भांडण फक्त किल्लीच्या कलमावर अडलं आहे. त्यांचं म्हणणं, कुलूप त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलंय, दुसरी किल्ली हवी असेल तर पथकाने दुसरं कुलूप आणावं. विषय पुढच्या सभेत आहे.